नदीच्या वाट्याचा फड

१८८४ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून बाहेर पडलेला एक तरुण मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागला. सुरुवातीच्या कामांपैकी एक त्याला खानदेशात मिळालं. साक्री तालुक्यात दातर्तीजवळ पांझरा नदीच्या खालून नळाचा सायफन काढायचा होता. म्हणजे पाटाचं पाणी नळातून नदीच्या तळाखाली उतरवायचं आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर आणायचं.  पाणी आपली पातळी शोधतं एवढ्या एका नियमावर सगळी भिस्त. त्या तरुणाचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना विश्वेश्वरय्या माहीत असतात ते १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनापुरते आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरापुरते. त्यांनी कामाची सुरुवात आमच्या पांझरेवर केली होती, हे मला बरंच उशिरा कळलं. मी सॉफ्टवेअरवाला. पाण्याशी माझा धंद्याचा संबंध नाही. पण विश्वेश्वरय्यांनी पाट नदीखालून नेला, तो कशासाठी, हे वाचता वाचता एक वेगळाच प्रश्न मागे लागला. गेल्या चारशे वर्षांत खानदेशातल्या नद्यांवर माणसांनी एवढं बांधलं, खोदलं, अडवलं. प्रत्येक वेळी नदी म्हणजे काय, असं त्यांनी धरलं होतं? आणि आज ज्याला आपण 'नदी पुनरुज्जीवन' म्हणतो, त्यात नेमकं काय जिवंत करायचं असतं?

फडाचा हिशोब

विश्वेश्वरय्या पोचले तेव्हा पांझरेवर फड पद्धत जुनी झालेली होती. अभ्यासक तिचं वय तीनशे ते चारशे वर्षं सांगतात. तापी खोऱ्यातल्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर ती रुजली. आजच्या जिल्ह्यांत सांगायचं तर धुळे आणि नाशिक. सामोडे, भाडणे, दातर्ती ही नावं आजही फडाबरोबर घेतली जातात.

फड नावाची गोष्ट कधी पाहिली नसेल तर ती अशी. नदीवर आडवा, बेताच्या उंचीचा दगडी बंधारा. त्याच्या कडेने निघालेला कालवा, म्हणजे पाट, दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. जास्तीचं पाणी बाहेर काढून द्यायला सांडम. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार मोठे तुकडे पाडायचे. हे तुकडे म्हणजे फड. एक फड दहा हेक्टरचाही असतो, दोनशेचाही. एका फडात एकच पीक : एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. पुढच्या वर्षी पिकं फिरवायची.

खरी गंमत पुढे आहे. पाणी शेतकरी स्वतः घेत नसे. गावाने नेमलेला पाटकरी ते देत असे. आणि पाऊस कमी झाला की गाव बसून ठरवत असे की यंदा चारातले किती फड भिजवायचे आणि कोणता पडीक ठेवायचा. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर एका माणसाचं घर बुडत नसे, सगळ्यांचं थोडं थोडं कमी होत असे. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड वाढल्यावर एक सर्व्हर कोसळू देण्यापेक्षा सगळ्यांचा वेग थोडा कमी करायचा. पुढे विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक सिस्टिम' आणली, तिच्या मागे फडाची आठवण असावी असं अनेकांनी म्हटलं आहे.

फडाला सोन्याचा मुलामा द्यायची गरज नाही. ज्याची जमीन फडात नव्हती, त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. गावातले भूमिहीन त्या हिशोबात नव्हते आणि नदीही नव्हती. तरी दोन गोष्टी नदीच्या पथ्यावर पडल्या. एक म्हणजे बंधारा बुटका होता. पुरात तो पाण्याखाली जायचा आणि नदी त्याच्यावरून निघून जायची. दुसरी म्हणजे पाट किती पाणी नेईल याला मर्यादा होती. अभ्यासकांनी मोजलेली पाटाची क्षमता सेकंदाला साधारण साडेचारशे लिटर. याहून जास्त ओढायचं म्हटलं तरी पाट ते ओढू शकत नसे. उरलेलं पाणी नदीचं. तो हक्क कुणी लिहून दिलेला नव्हता, तो बांधकामाच्या मापातच होता.

मासा काय मागतो

नदीचा हक्क मोजायचा कसा? याचं उत्तर शोधताना मी जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचलो. अमेरिकेत ट्राउट नावाचा मासा राहतो त्या थंड पाण्याच्या ओढ्यांवर शंभर वर्षांपासून दुरुस्तीची कामं चालू आहेत. १९३२ साली मिशिगनमध्ये कार्ल हब्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ट्राउटचे ओढे कसे सुधारावेत यावर एक पुस्तिका लिहिली. लगेच पुढे मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांना हाताशी धरून ओढ्यांमध्ये लाकडाचे, दगडांचे हजारो छोटे बांध घातले. आपल्या रोजगार हमीची आठवण यावी असंच ते काम. हेतू चांगला होता : बांधामागे डोह तयार होईल, डोहात मासा राहील.

पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी अशी जुनी कामं तपासली. त्यांनी माशांचं भलं केलं याचा पक्का पुरावा फार कमी हाती आला. बरेच बांध पुरात गेले, काही गाळाने भरले. ओढ्याच्या वरच्या डोंगरावरची झाडं तोडलेली असतील, काठावर गुरं मोकाट चरत असतील, तर पात्रात चार ओंडके टाकून उपयोग होत नाही, हे तिथल्या लोकांना हळूहळू उमगलं. आता तिथल्या कामाचा क्रम उलटा झाला आहे. आधी पाणलोट, मग काठाची सावली, मग प्रवाह, आणि सगळ्यात शेवटी पात्रातलं बांधकाम.

थंड पाण्याच्या माशावर एवढा खटाटोप का? कारण तो फसत नाही. पाण्यात प्राणवायू किती विरघळतो हे तापमानावर ठरतं. दहा अंशांना एका लिटरमध्ये साधारण अकरा मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. ट्राउटला वीस अंशांच्या पुढे त्रास होऊ लागतो. झाडं गेली की पाणी तापतं, माती वाहून आली की अंडी घालायची खडी बुजते, झरे आटले की उन्हाळ्यातला गारवा जातो. मासा या सगळ्याची बेरीज एका आकड्यात देतो : तो तिथे असतो, किंवा नसतो.

तुम्ही म्हणाल, जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे थंड पाण्याच्या माशाचं काय घेऊन बसलास? बरोबर आहे. ट्राउट आपल्याकडे जगणार नाही आणि जगवायचाही नाही. पण गारवा ही सापेक्ष गोष्ट आहे. जमिनीखालचं पाणी साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं असतं, आपल्याकडे पंचविशीच्या थोडं वर. म्हणजे मेमध्ये उथळ डबकं कढत असताना ज्या डोहाच्या तळाशी झरा पाझरतो आणि ज्याच्यावर जांभूळ-उंबर वाकलेले असतात, तो डोह चक्क गार असतो. तिथे मासा उन्हाळा काढतो आणि पहिल्या पुराबरोबर वर चढतो.

आपल्याकडचा असा मानी मासा म्हणजे महासीर. भीमतालची शीतजल मत्स्य संशोधन संस्था हिमालयातल्या सोनेरी महासीरवर काम करते. त्याचे भाऊबंद दख्खनमध्ये आणि नर्मदा-तापी खोऱ्यात आहेत. १८३९ साली कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महासीरचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा 'खुद्री' हे नाव त्याने मराठी बोलीतूनच उचललं. या माशाला वाहतं, स्वच्छ, प्राणवायू भरलेलं पाणी लागतं, उन्हाळ्यासाठी खोल डोह लागतात, आणि पावसाळ्यात अंडी घालायला स्वच्छ खडीचा तळ लागतो. तिथवर पोचायला वाट लागते. या चार ओळी म्हणजे नदीचं स्पेसिफिकेशन आहे. कुठल्याही कामाच्या कागदावर हे चार रकाने टाकून बघा.

नदीची पायरी झाली

आता आपल्या नदीकडे परत येऊ. तापीकाठच्या सावळदा या ठिकाणावरून ज्या संस्कृतीला नाव मिळालं, ती साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. तिच्या मडक्यांवर मासे आणि काटेरी भाले रंगवलेले सापडतात. मडक्यावर चित्र काढावं इतका मासा रोजच्या जगण्यात होता.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात तापी एका जिन्यासारखी झाली. गुजरातमध्ये काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई धरण, वर नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज, धुळे जिल्ह्यात सुलवाडे, जळगावात शेळगाव, त्याच्याही वर तापी-पूर्णा संगमाच्या खाली हतनूर. गिरणेवर १९११ सालीच चणकापूर झालं होतं, १९६९ साली मोठं गिरणा धरण पूर्ण झालं. पांझरेच्या खोऱ्यात लाटीपाडा, मालनगाव, जामखेडी, आणि मग अक्कलपाडा.

या धरणांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. धुळे शहराच्या नळाला अक्कलपाड्याचं पाणी येतं. चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्याची शेती गिरणेच्या आवर्तनाची वाट बघते. जळगाव शहराची तहान वाघूर भागवतं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्या पिढीला साठवलेलं पाणी म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही.

पण नदीची व्याख्या इथे बदलली, हे नोंदवायला हवं. फडात नदी हा प्रवाह होता आणि गाव त्यातून काही भाग घेत होतं. धरणात नदी म्हणजे साठा झाली. दलघमीमध्ये मोजायचा, टक्क्यांत सांगायचा. पाऊस सुरू झाला की आपण मोबाइलवर 'गिरणा ६२ टक्के' असे मेसेज फिरवतो. धरणाखालची नदी किती टक्के, हे कुणी विचारत नाही. वरच्या धरणांत पाणी अडल्यावर पांझरेवरचे बरेच फडही सुकले. बुटका बंधारा जागेवर राहिला, पण त्याच्यापर्यंत येणारं पाणी राहिलं नाही. ज्या प्रवाहावर फड उभा होता त्याच प्रवाहावर मासाही होता. दोघं बरोबरच गेले.

मासा हिशोबात परत आला तो मत्स्यबीज म्हणून. धरणांच्या जलाशयांत कटला, रोहू, मृगल सोडले जातात. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांनी अनेक भोई कुटुंबांना धंदा दिला हे खरं आहे. पण सोडलेला मासा म्हणजे वस्तीला आलेला मासा नव्हे. साठा भरपूर आणि नदी मेलेली, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

शिरपूरचा धडा

२००४ च्या सुमारास धुळे जिल्ह्यात आणखी एक प्रयोग सुरू झाला. त्याचं नाव महाराष्ट्रभर झालं : शिरपूर पॅटर्न. भूजल विभागातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि शिरपूरचे आमदार अमरीशभाई पटेल यांनी तो उभा केला. नाले वीस-तीस मीटर रुंद आणि दहा-पंधरा मीटर खोल करायचे, आणि त्यांच्यावर दारं नसलेले सिमेंटचे बंधारे ओळीने बांधायचे.

यामागे खानदेशच्या जमिनीचं खरं ज्ञान होतं. तापीच्या दोन्ही काठांना नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत, काही ठिकाणी शेकडो मीटर खोल. या गाळात पिवळ्या चिकणमातीचे पट्टे आहेत. पाऊस कितीही पडला तरी चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्याखाली वाळू तहानलेली असते. चिकणमाती कापली की पाणी थेट वाळूत उतरतं. शिरपूर तालुक्यात विहिरी आणि बोअर पुन्हा भरले, लोक बाहेरून बघायला येऊ लागले. ज्या शेतकऱ्याने बोअरवर बोअर मारून कर्ज केलं होतं, त्याच्यासाठी हा चमत्कार होता. त्याला खोटं ठरवण्यात अर्थ नाही.

गडबड पुढे झाली. एका जागेचं उत्तर सगळ्या जागांवर चिकटवलं गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याने जलयुक्त शिवार अभियान आणलं. त्यात पाणलोटाची बरीच कामं होती, पण गावोगाव दिसलं ते नाल्यात उतरलेलं पोकलेन. काळ्या कातळाच्या भागात गाळाचे थर नसतात. तिथे नाला खोल केला तर पाणी आत जाण्याऐवजी कडेचं उथळ भूजलच नाल्यात निथळून येऊ शकतं. वरची वाळू-खडी उचलून नेली, की पाणी धरून ठेवणारा स्पंजच गेला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा या अशास्त्रीय खोलीकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, त्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० साली कॅगने सहा जिल्ह्यांतली गावं तपासून सांगितलं की नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढवण्यात या अभियानाचा परिणाम फारसा दिसत नाही.

माझ्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. टीमला जो आकडा दाखवायला सांगाल, तो आकडा टीम वाढवून दाखवते. बंद केलेल्या तक्रारी मोजल्या तर तक्रारी भराभर बंद होतात, सुटत मात्र नाहीत. खोलीकरणात आकडा आहे टीसीएमचा, म्हणजे किती हजार घनमीटर साठा तयार झाला याचा. खड्डा जितका मोठा तितका आकडा मोठा. खड्डा खणायला यंत्र पुरतं. काठावरचं करंजाचं झाड, वळणावरचा डोह, गोट्यांचा उथळ धावता भाग यांचं टीसीएम शून्य. म्हणून कागदावर ते नसतातच, आणि कागदावर नसलेली गोष्ट पोकलेनच्या ड्रायव्हरला दिसत नाही.

याच धुळे जिल्ह्यात दुसरा रस्ताही आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला बारीपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. झाड तोडणाऱ्याला दंड, चराईला बंदी, ओहोळांवर छोटे छोटे दगडी बांध. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथे कुणी 'मासा वाचवा' असं म्हटलेलं नव्हतं. पण डोंगर आधी, पात्र नंतर, हा मिशिगनवाल्यांना पन्नास वर्षांनी सापडलेला क्रम बारीपाड्याने पहिल्या दिवसापासून पाळला.

मासा सोडणं आणि मासा राहणं

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ महासीरची पिल्लं आणून सोडली तर? हा मोह फार जणांना झाला आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं महासीर बीजोत्पादन केंद्र १९७० च्या दशकापासून काम करतं आहे. कृत्रिम प्रजननात त्याने मोठं काम केलं, पिल्लं अनेक राज्यांत गेली. त्यातली काही कावेरीत सोडली गेली. कावेरीत आधीपासून एक स्वतःचा, कुबडवाला महासीर होता. जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारा. बाहेरून आलेल्या दख्खनी महासीरने तिथे चांगलाच जम बसवला आणि मूळचा मासा मागे हटत गेला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या कुबडवाल्याची ओळख पक्की केली, 'टॉर रेमादेवी'. त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत नोंदला गेला. हेतू वाईट नव्हता. पण मासा आणि नदी यांची जोडी आपण जुळवू शकत नाही, ती नदीच जुळवते.

आणि मासा नुसता राहू दिला तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यातल्या महासीरांना कुणी पकडत नाही, येणारे लोक कुरमुरे टाकतात. तिकडे वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळाखालीही तसंच. देवाच्या नावाने नदीचा एक तुकडा हिशोबाच्या बाहेर ठेवला गेला, आणि तेवढ्यावर मासा टिकला.

वाट मोकळी झाली तर मासा किती पटकन परत येतो, हे नुकतंच दिसलं. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३ आणि २०२४ मध्ये पाडली. शेवटचं धरण निघाल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, चिनूक सामन मासे शंभरहून अधिक वर्षं बंद असलेल्या पाण्यात वर पोचले. आपण अक्कलपाडा पाडणार नाही, पाडायचंही नाही. पण नदीला स्मरणशक्ती असते एवढं त्यातून घेता येतं.

एक रकाना

यंदा उन्हाळ्याच्या आधी काकांनी व्हॉट्सअॅपवर आमच्या गावच्या नाल्याचं एस्टिमेट पाठवलं. काका पांझरेच्या खोऱ्यात शेती करतात. त्यांच्या शेताचा एक तुकडा जुन्या फडातला आहे. 'तू इंजिनिअर आहेस, एवढं बघून दे,' असा निरोप. लांबी, रुंदी, खोली, घनमीटर, दर, रक्कम. सातशे मीटर नाला सरळ, एकसारखा खोल. मधल्या वळणावर आमच्या लहानपणी मेपर्यंत पाणी राहायचं असा डोह आहे, वर दोन उंबर. कागदावर तिथेही तीच रुंदी आणि तीच खोली.

मी फोन करून विचारलं, 'काका, तो डोह आणि ते उंबर सोडून दोन्ही बाजूंनी करता येणार नाही का? अजून मासे असतात ना तिथे?'

काका हसले. 'मासा कोन देखस रे भाऊ?' मग मराठीत आले. 'विहिरीत पाणी दिसलं की झालं. लोकांना तेवढंच कळतं.'

काकांची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. मी पुण्यात टँकरच्या सोसायटीत राहतो, पण बिल भरलं की पाणी येतं. त्यांना माशावर भाषण देणं मला जमलं नाही. म्हणून मी त्यांच्याच हिशोबाने बोललो. डोह मेपर्यंत टिकतो याचा अर्थ तिथे खालून झरा आहे. तो कातळापर्यंत खरवडला तर झऱ्याचं तोंड फुटेल की बुजेल, हे कुणी तपासलेलं नाही. भूजलाची माहिती असलेल्या माणसाकडून आधी तेवढं बघून घ्या. वाळू-गोटे उचलू नका, उंबर ठेवा. उरलेल्या लांबीत काय ते करा. आणि एक रकाना वाढवा : मे महिन्याच्या शेवटी नाल्यात पाणी असलेल्या जागा किती, आणि त्यात मासे आहेत का. शाळेतली पोरंसुद्धा हे मोजू शकतात.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'फडात कसं, एक तुकडा पडीक ठेवायचे. तसंच म्हणतोस ना?'

मला ते इतकं सरळ सुचलं नव्हतं. पण हो, तसंच. फडाने दुष्काळ वाटून घ्यायची रीत शिकवली. त्या वाटणीत नदीला बसवायचं राहून गेलं, कारण तेव्हा गरज नव्हती. पाट मर्यादेपेक्षा जास्त ओढूच शकत नव्हता. आज आपलं यंत्र सगळं ओढू शकतं, सगळं खणू शकतं, सगळं अडवू शकतं. त्यामुळे पूर्वी बांधकामाच्या मापात असलेली मर्यादा आता ठरवून घालावी लागेल. धरणातून शेतीची आवर्तनं सुटतात, पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटतं. डोह जिवंत ठेवण्यापुरतं एक छोटं आवर्तन नदीच्या नावाने मागता येतं. गिरणेवर सात बलून बंधाऱ्यांची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, त्यात मासा कुठून वर जाणार हा प्रश्न बांधायच्या आधी विचारता येतो, नंतर विचारून उपयोग नसतो. वाळूचा लिलाव निघतो तेव्हा खडीचा कोणता पट्टा हात न लावता ठेवायचा, हे ग्रामसभेत मांडता येतं. यातल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत. एका तुकड्यावरचा आपला हात मागे घ्यावा लागतो.

काका ते एस्टिमेट घेऊन ग्रामसभेत गेले. डोहाच्या जागेवर खुणेचे चार दगड रोवून झाले आहेत, आणि भूजलाच्या माणसाला बोलवायचं ठरलं आहे. मशीन अजून आलेलं नाही. ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, कधी येणार. मेच्या अखेरीस डोह मोजायचं काम काकांनी सातवीतल्या नातीवर सोपवलं आहे. तिने वहीत रकाने आखून फोटो पाठवला : तारीख, पाणी किती हात, मासे दिसले का.